1700 टोकं, एक खाच आणि नागपूरचा मे महिना

बारावीचे निकाल लागले की नागपुरात बर्डीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत चौकश्या वाढतात. मुलाच्या मोबाइलमध्ये पार्ट्सची लांबलचक यादी, वडिलांच्या डोक्यात बजेटचा आकडा. काउंटरमागचा दुकानदार यादीवरून बोट फिरवता फिरवता मध्येच थांबतो. "काका, याच्यावर ही रॅम नाही बसत ना." यादीतली एकेक वस्तू घेतली तर सगळ्या उत्तम. प्रोसेसर दमदार, ग्राफिक कार्ड ताजं, कॅबिनेट काचेचं. फक्त त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

गेमिंग पीसी जमवण्यातला खरा आनंद मला या जुळवणीत वाटतो. तिच्यात इतके किस्से, आकडे आणि खाचाखोचा आहेत की खरेदी करायची नसली तरी मजा यावी. आणि करायची असेल, तर त्यातली काही माहिती हजारो रुपये वाचवणारी आहे.

40 पायांवरून 1718 टोकांवर

आयबीएमचा पहिला पीसी 1981 साली आला. त्यातल्या इंटेल 8088 प्रोसेसरला 40 पाय होते. आज एएमडीच्या एएम5 सॉकेटमध्ये 1718 टोकं आहेत, इंटेलच्या एलजीए 1700 मध्ये 1700 आणि ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या एलजीए 1851 मध्ये 1851. इंटेलच्या सॉकेटचं नाव म्हणजेच टोकांची मोजणी, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं. 12व्या, 13व्या आणि 14व्या पिढीचे कोअर प्रोसेसर 1700 वर बसतात, कोअर अल्ट्रा 200 मालिका 1851 वर. एएमडीचे रायझन 5000 पर्यंतचे प्रोसेसर एएम4 वर आणि 7000 पासून पुढचे एएम5 वर. यादी करताना ही एक ओळ कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवावी.

आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण एके काळी इंटेल, एएमडी आणि सायरिक्स या तिन्ही कंपन्यांचे प्रोसेसर एकाच सॉकेटवर बसायचे. 90 च्या दशकातल्या त्या सॉकेटचं नाव सॉकेट 7. बोर्ड तोच, त्यावर पेंटियम लावा, के6 लावा नाहीतर सायरिक्सचा 6x86 लावा. फक्त बोर्डावरचे छोटे जंपर हाताने हलवून व्होल्टेज आणि वेग ठरवावा लागे. 1997 मध्ये इंटेलने पेंटियम 2 आणला तो चक्क कॅसेटसारख्या डबीत, स्लॉट 1 या नव्या खाचेत उभा बसणारा. तेव्हा इंटेल आणि एएमडीच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या झाल्याच.

नागपूरकराला हे समजून घ्यायला मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय पुरेसं आहे. तिथल्या 762 मिलिमीटर रुळांवरचा डबा कितीही सुंदर असला तरी 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर तो धावणार नाही. इंटेल आणि एएमडीचं आज तसंच आहे. मात्र कॉम्प्युटरच्या दुनियेत याहून चमत्कारिक प्रकार घडून गेला आहे: गेज एकच, रूळ तेच, तरी गाडी हलेना. एलजीए 1151 हे सॉकेट 6व्या आणि 7व्या पिढीच्या प्रोसेसरांना होतं. ऑक्टोबर 2017 मध्ये 8वी पिढी आली, सॉकेट पुन्हा 1151, प्रोसेसर जुन्या बोर्डावर अलगद बसायचाही. पण पीसी सुरू व्हायचा नाही, कारण इंटेलने त्यासाठी 300 मालिकेच्या चिपसेटचा नवा बोर्ड सक्तीचा केला होता. ग्राहकाच्या दृष्टीने हा निर्णय वाईटच होता आणि सेकंडहँड बाजारात आजही लोक त्यात फसतात. जुना बोर्ड घेताना सॉकेटच्या आकड्यापाशी थांबू नका, चिपसेटचा आकडाही विचारा.

त्या मानाने एएमडीचं एएम4 म्हणजे दीर्घायुषी. 2016 मध्ये आलं आणि 2022 मध्ये त्याच सॉकेटसाठी रायझन 7 5800एक्स3डी बाजारात आला. गेमिंगमध्ये त्या वर्षीच्या सर्वात वेगवान प्रोसेसरांपैकी तो एक. पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या कित्येक बोर्डांवर फक्त प्रोसेसर बदलून लोकांनी पीसी नवा करून घेतला. हप्ते भरून पीसी घेणाऱ्या घराला याची किंमत कळते. म्हणूनच नवी सुरुवात करणाऱ्याला माझा कौल एएम5 कडे जातो. त्या सॉकेटला निदान 2027 पर्यंत साथ देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे.

प्रोसेसर कूलरला चिकटून येतो तेव्हा

एएम4 च्या प्रोसेसरला खाली खऱ्याखुऱ्या पिना असतात, 1331. वर थर्मल पेस्ट लावून कूलर घट्ट बसवलेला. काही वर्षांनी ती पेस्ट वाळते. साफसफाईसाठी कूलर सरळ वर ओढला की बंद सॉकेटमधून प्रोसेसरच उपटून हातात येतो आणि पिना वाकतात. उपाय सोपा आहे. आधी पीसीवर थोडा वेळ गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्यायची, मग बंद करून, वायर काढून, कूलर हळूच डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवायचा. एएम5 मध्ये पिना प्रोसेसरऐवजी बोर्डावर गेल्या आणि वर धातूची पकड आली, त्यामुळे ही कटकट मिटली.

इंटेलवाल्यांची अडचण 3 मिलिमीटरची. कित्येक वर्षं बोर्डावरच्या कूलरच्या भोकांमधलं अंतर 75 मिलिमीटर होतं. एलजीए 1700 आलं आणि ते 78 झालं. लाडाने घेतलेला महागडा कूलर नव्या बोर्डावर बसेना. नॉक्टुआसारख्या कंपनीने जुन्या ग्राहकांना नवी पकड फुकट दिली. 1851 मध्ये मात्र अंतर तेच ठेवलं आहे. एएमडीने तर एएम5 काढताना एएम4 चे बरेचसे कूलर चालतील अशी सोय मुद्दाम ठेवली.

उसना प्रोसेसर

बोर्ड नवा, प्रोसेसर नवा, सॉकेट बरोबर, तरी स्क्रीन काळीच. हे का होतं? बोर्डावरच्या चिपमधला बायोस जुना असतो आणि नंतर बाजारात आलेल्या प्रोसेसरला तो ओळखत नाही. बायोस अपडेट करायला पीसी चालू व्हायला हवा, आणि पीसी चालू व्हायला बायोस अपडेट हवा! 2018 मध्ये या कोड्यात अडकलेल्या ग्राहकांना एएमडीने एक जुना, साधा प्रोसेसर उसना पाठवायला सुरुवात केली. तो लावा, बायोस अपडेट करा आणि परत करा.

त्याहून मजेशीर अडचण एमएसआयपुढे उभी राहिली. त्यांच्या अनेक एएम4 बोर्डांवर बायोससाठी फक्त 16 एमबीची चिप होती. रायझन 3000 आले तेव्हा जुन्या-नव्या सगळ्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावेना. मग कंपनीने बायोसचं रंगीत, चित्रमय रूपच काढून टाकलं आणि साधं रूप देऊन जागा केली. पुढे 2019 मध्ये 32 एमबीची चिप असलेले बोर्ड मॅक्स या नावाने आले.

आज बऱ्याच बोर्डांच्या मागे एक छोटं बटण असतं. पेनड्राइव्हवर फाइल टाका, बटण दाबा, प्रोसेसर न लावताही बायोस अपडेट होतो. बोर्ड निवडताना हे बटण आहे का ते बघाच. नसेल तर घेतानाच दुकानदाराला सांगा, "भाऊ, बायोस अपडेट करूनच द्या."

रॅमची खाच डोळ्यांसमोर धरून बघा

डीडीआर4 ची एक पट्टी आणि डीडीआर5 ची एक पट्टी शेजारी शेजारी धरा. लांबी सारखी. खालच्या सोनेरी टोकांची संख्याही सारखीच, 288. घाईत बघणाऱ्याला फरक दिसणारच नाही. आता खालच्या कडेवरची खाच बघा. दोन्हींत ती साधारण मध्याच्या जवळ आहे, पण दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून उजेडात धरल्या की खाचा एकमेकींसमोर येत नाहीत, जराशा सरकलेल्या दिसतात. तेवढ्या अंतरामुळे चुकीची रॅम स्लॉटमध्ये जात नाही. जोर लावला तर स्लॉट तुटेल, रॅम बसणार नाही.

ही खाच मुद्दाम सरकवलेली आहे, कारण आतला कारभार पूर्ण निराळा. डीडीआर4 1.2 व्होल्टवर चालते, डीडीआर5 1.1 वर. शिवाय विजेचं नियमन करणारी चिप आता बोर्डावरून थेट रॅमच्या पट्टीवर आली आहे.

गोंधळ कुठे होतो? एलजीए 1700 मध्ये. या सॉकेटच्या प्रोसेसरांना दोन्ही प्रकारची रॅम चालते, पण बोर्डाला एकच. एकाच नावाचे दोन बोर्ड असतात, एक डीडीआर4 चा, दुसरा डीडीआर5 चा, आणि डब्यावर फरक एवढाच की एकाच्या नावाच्या शेवटी डी4 लिहिलेलं. एएमडीत हा घोळ नाही: एएम4 ला डीडीआर4, एएम5 ला डीडीआर5, विषय संपला.

रॅमबद्दल आणखी दोन गोष्टी. डब्यावर 6000 लिहिलं असलं तरी पीसी पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा ती रॅम सहसा 4800 च्या आसपासच धावते. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचं सेटिंग चालू केलं की मगच पूर्ण वेग मिळतो. कित्येक घरांत वर्षानुवर्षं अर्धवट वेगाची रॅम चालू असते आणि कोणाला पत्ता नसतो. आणि दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, शेजारी शेजारी नको.

एएम5 वाल्यांसाठी एक दिलासा: पहिल्यांदा बटण दाबल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड तेव्हा रॅमशी ओळख करून घेत असतो. पंखे फिरतायत, दिवे लागलेत, तर चहा घ्या. घाबरून बटण दाबून बंद करू नका.

शाळेची पट्टी इथे अपुरी पडते

एनव्हिडियाचं आरटीएक्स 4090, त्यांनी स्वतः बनवलेलं मूळ कार्ड, 304 मिलिमीटर लांब आहे. कंपासपेटीबाहेर राहणाऱ्या 30 सेंटीमीटरच्या पट्टीपेक्षा 4 मिलिमीटर जास्त. इतर कंपन्यांची काही कार्डं त्याहूनही लांब. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कार्डासाठी किती लांबी मोकळी आहे ते छापलेलं असतं, पण तो आकडा पुढची बाजू रिकामी धरून दिलेला असू शकतो. पुढे पाण्याच्या कूलरचा रेडिएटर लावलात तर साधारण 27 मिलिमीटर तो आणि 25 मिलिमीटर त्याचे पंखे, म्हणजे 52 मिलिमीटर तिथेच गेले. कागदावर बसणारं कार्ड मग दारात अडकतं.

उंचीचंही तसंच. नॉक्टुआचा प्रसिद्ध एनएच-डी15 कूलर 165 मिलिमीटर उंच आहे. कॅबिनेटमध्ये 160 ची जागा असेल तर बाजूची काच बंद होणार नाही. आणि रॅमवर मोठाले चमकदार कंगोरे असतील तर कूलरचा पंखा त्यांच्यावर चढतो. लखलखाट आवडत असेल तर हे मोजमाप आधी करा, कारण अशी रॅम परत घेताना दुकानदार खूश नसतो.

बोर्डांची मापं मात्र अतिशय शहाणपणाने ठरवलेली आहेत. इंटेलने 1995 मध्ये एटीएक्स हे माप आणलं: 305 बाय 244 मिलिमीटर. त्यातून पुढे मायक्रो एटीएक्स, 244 बाय 244. आणि 2001 मध्ये तैवानच्या व्हीआयए कंपनीने मिनी आयटीएक्स काढलं, 170 बाय 170. या तिघांच्या स्क्रूची भोकं अशी आखलेली आहेत की मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बिनतक्रार बसतो. 30 वर्षं टिकलेला हा करार मला फार आवडतो. एकच काळजी घ्यायची: कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पितळी खुंट्या असतात, ज्यांवर बोर्ड टेकतो. छोटा बोर्ड लावताना ज्या खुंटीवर भोक येत नाही ती काढून टाका, नाहीतर ती बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होऊ शकते.

63.5 वॉट ते 575 वॉट

आयबीएमच्या त्या 1981 च्या पीसीचा अख्खा वीजपुरवठा होता 63.5 वॉट. आजचं आरटीएक्स 5090 हे एकटं कार्ड 575 वॉट घेऊ शकतं. सगळ्यांना एवढं लागत नाही. आरटीएक्स 4060 चं काम 115 वॉटमध्ये भागतं.

हिशेब मांडायला तीन आकडे पाठ करा. बोर्डावरचा स्लॉट कार्डाला 75 वॉट देतो, 6 पिनांची वायर आणखी 75, 8 पिनांची वायर 150. कार्डाच्या कडेला किती वायरी लागतात ते बघितलं की त्याची भूक कळते. नव्या मोठ्या कार्डांना 16 पिनांचा एकच छोटा कनेक्टर असतो आणि त्यातून 600 वॉटपर्यंत वीज जाते. ऑक्टोबर 2022 मध्ये आरटीएक्स 4090 आलं आणि थोड्याच दिवसांत काहींचे हे कनेक्टर वितळले. एनव्हिडियाने चौकशी करून सांगितलं की कनेक्टर पूर्ण आत न दाबला जाणं हे नेहमी आढळणारं कारण होतं. पुढे कनेक्टरच सुधारला गेला. तरी आजही दोन गोष्टी पाळाव्यात: तो टोकापर्यंत बसलाय हे डोळ्यांनी बघावं, आणि कॅबिनेटच्या काचेने वायर मुळाशीच मुरडली जात नाही ना हे तपासावं. इथे पुन्हा कॅबिनेटची रुंदी आडवी येते.

आता सगळ्यात धोक्याची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट. पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या काढता-घालता येणाऱ्या वायरी एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीला लावू नका. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांच्याही चालत नाहीत. बोर्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनेवर किती व्होल्ट यावेत याचा काही सर्वमान्य नियम नाही. वायर छान बसते, आणि बटण दाबताच हार्ड डिस्क जळते, आत साठवलेल्या लग्नाच्या फोटोंसकट. जुना एसएमपीएस बदलताना "वायरी आहेतच की आतून ओढलेल्या" असं म्हणून तशाच ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळाच.

प्रोसेसरची 8 पिनांची वायर आणि ग्राफिक कार्डाची 8 पिनांची वायर या दोघी जुळ्या दिसतात, पण एकीत जिथे 12 व्होल्ट तिथे दुसरीत अर्थिंग. ओळखायची युक्ती: प्रोसेसरवाली 4 अधिक 4 अशी दुभंगते, कार्डवाली 6 अधिक 2.

अमेरिकेतल्या भावाने किंवा मावशीने सुटकेसमधून जुना एसएमपीएस आणला असेल तर मागे लाल खटका आहे का बघा. त्यावर 115 आणि 230 लिहिलेलं असतं. तो 115 वर ठेवून आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला की मोठा आवाज येतो आणि एसएमपीएस संपतो. नव्या चांगल्या एसएमपीएसमध्ये हा खटका नसतो, 100 ते 240 व्होल्ट ते आपणच सांभाळून घेतात. भाग बाहेरून आणताना वॉरंटीही विचारून घ्यावी. अनेक वस्तूंची ती भारतात चालत नाही.

आणि यूपीएस. बाजारात सर्रास मिळणारा 600 व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात 360 वॉटच्या आसपासच देतो. ऑफिसच्या पीसीला तो भरपूर झाला. पण गेम ऐन रंगात, कार्ड आणि प्रोसेसर मिळून 400 वॉट खातायत, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी वीज गेली, तर यूपीएस शिट्टी मारून त्याच क्षणी मान टाकतो. बॅटरी खराब नसते, निवड चुकलेली असते. व्हीएचा मोठा आकडा बघून भुलू नका, शेजारचा वॉटचा आकडा वाचा, आणि मॉनिटरही त्यात धरा.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पीसीत दोष शोधण्याआधी भिंतीतलं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि क्वार्टरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे कधी कधी वायरच नसते.

इंटरनेटवर नसलेला रकाना

भागांची जुळवणी तपासून देणाऱ्या वेबसाइट आहेत. 2011 पासून चालू असलेली पीसीपार्टपिकर त्यांतली सर्वात प्रसिद्ध, भारतातल्या खरेदीदारांसाठीही तिचं वेगळं पान आहे. सॉकेट, रॅम, लांबी, वॉट, सगळं ती मांडून दाखवते. पण "तुमच्या खोलीत मे महिन्यात किती तापमान असतं?" हे ती विचारत नाही. नागपुरात हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली होती. कूलरच्या चाचण्या वगैरे बहुधा 20 ते 25 अंशांच्या खोलीत होतात. हवेचा असो की पाण्याचा, कोणताही नेहमीचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या तापमानावर अमुक अंश अधिक, एवढाच त्याचा हिशेब. चाचणीत 22 अंशांच्या खोलीत प्रोसेसर 75 वर राहिला, म्हणजे तो खोलीपेक्षा 53 अंश वर होता. तीच खोली आपल्याकडे दुपारी 40 ची असेल तर 40 अधिक 53, झाले 93. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा 100 अंश, एएमडीच्या रायझन 7000 मालिकेतल्या बहुतेकांची 95. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि गेम अडखळू लागतो. पुण्यात राहणाऱ्या मित्राचा जो पीसी गुळगुळीत चालतो, तोच, अगदी त्याच भागांचा, नागपुरात एप्रिल-मेमध्ये दमतो, तो यामुळे. माझं स्पष्ट मत आहे: नागपूरकराने काचेच्या पुढच्या दारावर आणि रंगीत दिव्यांवर खर्च करण्याआधी जाळीचं कॅबिनेट आणि एक पायरी मोठा कूलर घ्यावा.

पीसी जेवढी वीज खातो, जवळजवळ तेवढीच उष्णता खोलीत सोडतो. 500 वॉट खाणारा पीसी म्हणजे दार बंद करून दुपारभर लावलेला 500 वॉटचा हीटर. खिडकीतला खसच्या ताट्यांचा कूलर चालू असेल आणि समोरची खिडकी उघडी असेल तर ही उष्णता बाहेर जाते आणि पीसीही सुखात राहतो. फक्त कॅबिनेट त्या झोताच्या थेट तोंडासमोर नको, कारण कूलर कधी कधी पाण्याचे बारीक थेंबही फेकतो. धूळ अडवायला पुढे जाळी हवी, आणि ती सहज काढून धुता येणारी हवी. रेडिएटर लावणार असाल तर पंप हा पाण्याच्या वाटेतला सर्वात उंच बिंदू होऊ देऊ नका. आतली थोडीशी हवा वर साठते, ती पंपात अडकली की घरघर सुरू होते.

तापमानाचा आणखी एक किस्सा. मे 2024 च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क 56 अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. हवामान विभागाने तपासलं तेव्हा दोष संवेदकात निघाला. तुमच्या पीसीतही असं घडू शकतं. तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या ओळीत 127 अंश दिसले तर हडबडू नका. बोर्डावरच्या ज्या संवेदकाला काही जोडलेलंच नसतं तो बऱ्याचदा हा आकडा दाखवतो, कारण चिन्हासकट 8 बिटांत मावणारी सर्वात मोठी धन संख्या 127 आहे.

पटापट काही

इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक नाही. वेगळं कार्ड घ्यायला महिनाभर थांबणार असाल तर तोवर पडदा काळाच.

कार्ड लावलंय आणि मॉनिटरची वायर मात्र बोर्डाला खोचलीय, हा प्रकार फार घरांत होतो. कार्ड रिकामं बसतं. वायर खालच्या, आडव्या बसलेल्या कार्डाला लावा. आणि 144 हर्ट्झचा मॉनिटर घेतलाय तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन 144 निवडा. बरेचदा तो 60 वरच पडून असतो.

इंटेलच्या प्रोसेसरबरोबर एएमडीचं ग्राफिक कार्ड? खुशाल. एएमडीच्या प्रोसेसरबरोबर एनव्हिडियाचं? तेही खुशाल.

कार्ड स्लॉटमध्ये बसतं, चालतं, तरी मार खातं, असंही होतं. एएमडीचं आरएक्स 6500 एक्सटी 2022 मध्ये आलं ते फक्त 4 लेन, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याच्या वाटा, घेऊन. नव्या पीसीआय एक्स्प्रेस 4.0 बोर्डावर ते ठीक चालायचं. 3.0 च्या जुन्या बोर्डावर त्याची वाट निम्मी व्हायची आणि गेममध्ये फरक स्पष्ट जाणवायचा. कमी बजेटचं कार्ड, आणि जुना बोर्ड बहुधा कमी बजेटवाल्याकडेच असणार! ही जोडी मला अन्यायाची वाटते.

एम.2 एसएसडीवर 2280 लिहिलेलं असतं: रुंदी 22 मिलिमीटर, लांबी 80. काही बोर्डांवर एम.2 लावली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात. जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली तर आधी बोर्डाचं पुस्तक उघडा, त्यात हे लिहिलेलं सापडेल.

दिव्यांच्या पट्टीला 3 पिना असतील तर 5 व्होल्ट, 4 पिना असतील तर 12 व्होल्ट. 5 वाली पट्टी 12 वर जोडली की दिवे कायमचे विझतात.

सगळं जुळलं आणि गेमच नाही म्हणाला तर? व्हॅलोरंट विंडोज 11 वर चालवायला टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतं. जून 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने टीपीएमची अट घालून विंडोज 11 ची घोषणा केली तेव्हा टीपीएमच्या छोट्या सुट्या चिपांवर लोक तुटून पडले, किमती भडकल्या. बहुतेकांच्या प्रोसेसरमध्ये ही सोय आधीच होती, बायोसमध्ये जाऊन चालू करण्यापुरती.

काउंटरवर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, असेंबल पीसीचा मोठा बाजार भरला आणि तिथली एक चांगली पद्धत महाराष्ट्रभरातल्या चांगल्या दुकानदारांकडेही दिसते: भाग कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवून चालू करून बघायचं. प्रोसेसर, एक रॅम, कूलर, वीज. स्क्रीनवर बायोस उमटला की मग पुढचं. बर्डीत घेत असाल तर हा आग्रह धराच. त्याला फार वेळ लागत नाही आणि नको ते हेलपाटे वाचतात.

प्रोसेसर बसवताना जवळ उभं राहून बघा. त्याच्या एका कोपऱ्यावर बारीक सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटच्या एका कोपऱ्यावरही तसाच त्रिकोण कोरलेला. दोन्ही एकाच कोपऱ्यात आले की प्रोसेसर स्वतःच्या वजनानेच खाली बसतो, बोटाने दाबायचं नसतं. मग लोखंडी पकड खाली येते, दांडीला थोडा जोर लागतो, आणि पकडीवरची काळी प्लास्टिकची टोपी टप्पकन उडून काउंटरवर पडते. ती टोपी कचऱ्यात जाऊ देऊ नका. बोर्ड कधी वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर सॉकेटवर ती टोपी लावलेली असावी असा बोर्ड कंपन्यांचा आग्रह असतो, कारण तिच्याशिवाय वाटेत त्या बारीक टोकांतलं एखादं जरी वाकलं तरी दावा नाकारला जातो. बिल, बोर्डाचा डबा आणि ही टोपी एकाच पिशवीत घालून घरी न्या.